‘एवढे लांब आलोच आहोत, तर...’

शाळांच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक हाती आले, की मराठी मध्यमवर्गीय घराला सहलीचे वेध लागतात. रजेचा हिशेब होतो, बचत खात्यातील शिल्लक पाहिली जाते, आजी-आजोबांच्या प्रकृतीचा विचार होतो आणि नकाशा पसरला जातो. इथवर सारे नियोजन शास्त्रशुद्ध असते. त्यानंतर मात्र घरातील कोणीतरी एक वाक्य उच्चारते आणि ते शास्त्र कोलमडते. ‘एवढे लांब आलोच आहोत, तर...’ हे ते वाक्य. कोलकात्यापर्यंत जातोच आहोत तर दार्जिलिंग, दार्जिलिंगपर्यंत जातोच आहोत तर गंगटोक, आणि परत येताना जगन्नाथपुरी. दहा दिवसांच्या रजेत तीन राज्ये कागदावर बसतात. प्रत्यक्षात बसते ते कुटुंब. गाडीच्या आसनावर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

एका सहलीत एकच राज्य पाहावे, आणि तेही संपूर्ण पाहण्याचा हट्ट धरू नये, हे मत पुष्कळांना कंजूषपणाचे वाटेल. खर्च तर तितकाच व्हायचा, मग पदरात कमी का पाडून घ्यायचे, असा युक्तिवाद हमखास होतो. बंगालच्या बाबतीत तो अधिकच जोराने होतो, कारण बंगाल दूर आहे. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यापर्यंतचे अंतर सुमारे १,९७० किलोमीटर आणि प्रवास तीस तासांहून अधिक. इतक्या लांब माणूस दर वर्षी जात नाही. चौघांच्या वा सहाजणांच्या कुटुंबासाठी ही बहुधा आयुष्यातली एकच बंगाल-यात्रा असते; घरातील ज्येष्ठांसाठी तर नक्कीच. ती एकच आहे म्हणून तीत सारे कोंबावे, असे मन म्हणते. ती एकच आहे म्हणूनच तीत थोडे घ्यावे आणि ते नीट घ्यावे, असे सांगणारे घरात कोणी नसते.

पश्चिम बंगालचा आकार फसवा आहे. क्षेत्रफळ ८८,७५२ चौरस किलोमीटर, म्हणजे ३,०७,७१३ चौरस किलोमीटरच्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. त्यामुळे ‘चार दिवसांत होऊन जाईल’ असा समज होतो. पण हे राज्य रुंदीला आखूड आणि उंचीला लांब आहे. एका टोकाला हिमालय आणि दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर असलेले हे देशातील एकमेव राज्य. कोलकात्याहून दार्जिलिंगच्या पायथ्याचे न्यू जलपाईगुडी स्थानकच सुमारे ५७० किलोमीटर दूर. तिथून पुढे घाट. छोट्या आगगाडीने वर जायचे म्हटले तर आणखी एक अख्खा दिवस. १८८१ मध्ये पूर्ण झालेल्या आणि १९९९ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या त्या दोन फुटी रुळांवरून घाईने जायचे, हा विचारच मुळात विसंगत आहे. दार्जिलिंगला स्वतंत्र सहल द्यावी, हे त्यावरचे उत्तर. ते ऐकून मुले नाराज होतील हे खरे. पण ज्या मुलांना एका आठवड्यात दोन रात्री आगगाडीत आणि दोन दिवस घाटात काढावे लागतात, तीही काही प्रसन्न चेहऱ्याने परत येत नाहीत.

मग कोलकात्यात उतरलेल्या कुटुंबाने मुक्काम कोठे करावा? उत्तर सोपे आहे : एस्प्लनेड. बंगाली माणूस या भागाला धर्मतला म्हणतो. समोर मैदानाचा हिरवा विस्तार, एका अंगाला चौरंगीचा रस्ता, पाठीमागे १८७४ पासून भरणारा न्यू मार्केटचा बाजार. दिघ्याला, सिलिगुडीला जाणाऱ्या बसगाड्या येथूनच सुटतात. देशातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी येथूनच भवानीपूरपर्यंत धावली, अवघी ३.४ किलोमीटर. आज तोच निळा मार्ग उत्तरेला दक्षिणेश्वरपर्यंत आणि दक्षिणेला कालीघाटाच्याही पुढे जातो. मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या पात्राखालून हावड्याची मेट्रो एस्प्लनेडला येऊन मिळाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तोच हिरवा मार्ग सियालदालाही जोडला गेला. म्हणजे बंगालमध्ये कोठेही जायचे असले तरी ज्या दोन स्थानकांवरून गाडी पकडावी लागते, ती दोन्ही स्थानके एस्प्लनेडहून काही मिनिटांवर आली. पूर्वी हावड्याच्या पुलावरील कोंडीत टॅक्सी अडकून गाडी चुकण्याची जी धास्ती असे, ती आता उरली नाही. सामान घेतलेल्या आजीला पायऱ्यांऐवजी सरकता जिना मिळतो, ही बाब सहलीच्या जाहिरातीत कोणी छापत नाही. पण सहल सुखाची होते ती असल्या बाबींनीच.

एकाच ठिकाणी तीन-चार रात्री मुक्काम केल्याचा लाभ अंदाजपत्रकातही दिसतो. रोज सामान बांधायचे नाही, रोज नव्या निवासाचे भाडे ठरवायचे नाही, दिवसभरासाठी भाड्याची मोटार हवी असे नाही. दक्षिणेश्वरचे १८५५ चे कालीमंदिर आणि कालीघाट एकाच मेट्रो मार्गावर आहेत. भारतीय संग्रहालय तर एस्प्लनेडहून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. १८१४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आशिया खंडातील जुन्या संग्रहालयांत गणली जाते आणि मुलांना तेथील ममी दाखविल्यावाचून सुटका नसते. सोमवारी ते बंद असते, आणि व्हिक्टोरिया स्मारकाची दालनेही. कोलकात्याचे दोन दिवस आखताना त्यांत सोमवार येऊ देऊ नये. शांतिनिकेतनात विश्वभारतीची साप्ताहिक सुटी बुधवारी असते, कारण तेथील उपासनेचा वार तो आहे. हे वार माहीत नसल्याने कुलूप पाहून परतलेली कुटुंबे थोडी नाहीत.

याहूनही मोठी चूक घड्याळाबाबत होते. मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशांत साडेपंधरा अंशांचा फरक आहे, पण घड्याळ एकच. परिणामी कोलकात्यात सूर्य मुंबईपेक्षा तासाहून थोडा आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास दिवस संपतो. मुंबई-ठाण्याच्या सवयीने साडेनऊला न्याहारी, अकराला प्रस्थान आणि ‘संध्याकाळी नदीकाठी फिरू’ असा बेत करणाऱ्यांच्या वाट्याला नदीकाठचा अंधार येतो. सकाळी सातला बाहेर पडावे आणि दुपारी दोनला जेवून विसावा घ्यावा. बंगाली माणसाच्या दुपारच्या वामकुक्षीची जी थट्टा होते, तिच्यामागे हे भूगोलाचे गणितही असावे.

आता मुख्य मुद्दा. एकाच राज्यात राहिल्याने काय मिळते? ठिकाणांची संख्या कमी होते, पण ती ठिकाणे एकमेकांशी बोलू लागतात. बंगालपुरते सांगायचे तर ही भूमी मातीची आहे. महाराष्ट्राने बेसाल्टचा कडा कोरून वेरूळ घडविले. बंगालच्या गाळाच्या मैदानात कोरायला दगडच नव्हता, म्हणून त्याने माती भाजली. उत्तर कोलकात्यातील कुमारटुलीत एका गल्लीत मूर्तिकार गवताच्या सांगाड्यावर गंगेची माती लिंपताना पाहावेत. तिथून बाहेर पडल्यावर चहा मातीच्या ‘भांड’मध्ये घ्यावा, आणि गोड दही मातीच्या मडक्यातच का जमते, हे दुकानदाराला विचारावे (पाणी शोषले जाते, म्हणून). आणि मग विष्णुपूरला जावे. हावड्याहून सुमारे २०० किलोमीटर, आगगाडीने साडेतीन-चार तास. मल्ल राजांनी सतराव्या शतकात उभारलेली विटांची मंदिरे तिथे आहेत : १६४३ चे श्यामराय, १६५५ चे जोडबांगला. भिंतीवर वीतभर जागाही रिकामी नाही. रामायणातील युद्धे, शिकारी, नौका, हंसांच्या रांगा, सारे भाजलेल्या मातीच्या फरशांवर. जोडबांगल्याचे छप्पर पाहावे. बंगाली खेड्यातील झोपडीचे बांबूचे वाकलेले छप्पर जसेच्या तसे विटांत उतरवले आहे, आणि तशा दोन झोपड्या एकमेकींना जोडून देवाला दिल्या आहेत. येताना गाडीच्या खिडकीतून ज्या झोपड्या दिसल्या, त्यांचाच हा वंश, हे सातवीतल्या मुलालाही न सांगता कळते. मात्र त्यासाठी त्याने त्या झोपड्या आधी पाहिलेल्या असाव्या लागतात. विमानाने बागडोगऱ्याला उतरून घाट चढणाऱ्याच्या वाटेत त्या येत नाहीत.

विष्णुपूरची बालुचरी साडीही याच सूत्रात बसते. मंदिराच्या भिंतीवरील प्रसंग तिच्या पदरावर विणलेले असतात. पैठणीच्या पदरावरील मोर ज्यांच्या घरात आहेत, त्या स्त्रिया तिच्यासमोर दहा मिनिटे तरी थांबतातच. खरेदीची रक्कम आधीच वेगळी ठेवावी, एवढेच पुरुषवर्गाला सुचवता येईल.

याच विष्णुपुरात एक तोफ आहे. तिचे नाव दलमादल. लोहाची, अवाढव्य, उघड्यावर ठेवलेली. स्थानिक वाटाड्या तिची कथा सांगतो : शत्रू चालून आला तेव्हा राजाने प्रजेला प्रार्थना करायला सांगितले, आणि गावाचा देव मदनमोहन स्वतः मंदिराबाहेर आला, त्याने ही तोफ डागली आणि शत्रू पळाला. कथा ऐकताना मराठी कुटुंब कौतुकाने मान डोलावते. मग कोणीतरी विचारते, ‘शत्रू कोण?’ आणि वाटाड्या सांगतो, ‘बर्गी.’ म्हणजे बारगीर. म्हणजे मराठे.

शाळेच्या इतिहासात हा भाग दोन ओळींत येतो. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत बंगालवर स्वाऱ्या केल्या. अखेर नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. जमेच्या बाजूची नोंद. खर्चाची बाजू बंगालमध्ये लिहिली गेली आहे. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्रपुराण’ रचले. नाव ऐकून अभिमान वाटावा, आणि आत जळालेल्या गावांची, पळणाऱ्या माणसांची वर्णने असावीत. इंग्रजांनी भीतीने कोलकात्याभोवती १७४२ मध्ये ‘मराठा खंदक’ खणायला घेतला. तो कधीच पुरा झाला नाही, पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. पण बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली अजून आहे. १७४२ मध्येच कटव्याजवळ दाईंहाट येथे भास्करराम कोल्हटकरांनी दुर्गापूजा मांडली आणि ती पार पडण्याआधीच नवाबाच्या फौजेने छापा घातला. देवी दोन्हीकडची एकच होती, हे तेव्हा कोणाच्या कामी आले नाही. आणि सर्वांत दूर पोहोचले ते एक अंगाईगीत. मूल निजले, गाव शांत झाले, बर्गी देशात आले, आता सारा कशाने भरायचा, अशी चिंता त्यात एक आई करते. पावणेतीनशे वर्षांनंतरही बंगाली घरांतून ते म्हटले जाते.

हे सारे सांगण्याचा हेतू सहलीला सुतक आणण्याचा नाही. पण ज्या राज्यात पर्यटक म्हणून जायचे, त्या राज्याच्या स्मरणात आपला प्रांत कोणत्या रूपाने आहे, हे कळल्याविना परत येणे हा तोटा आहे, आणि तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही. बाराव्या वर्षी मुलाला हे कळले, तर इतिहासाला दोन तीर असतात, हे त्याला पुस्तकाविना समजते. त्यासाठी विष्णुपूरला एक रात्र लागते, बागबाजारात एक सकाळ लागते आणि कोणाशी तरी गप्पा मारण्याइतका वेळ लागतो. तो वेळ गंगटोकमध्ये खर्च झालेला असतो.

शिवाय गोष्ट तिथे संपतही नाही. देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिले. ब्रिटिश राजवटीत देश कसा नागवला गेला, हे आकड्यांनिशी सांगणारे ते पुस्तक बंगालच्या स्वदेशी चळवळीत घरोघरी वाचले गेले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली. याच देऊस्करांच्या पुढाकाराने कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला; रवींद्रनाथांनी त्यानिमित्त शिवरायांवर कविता लिहिली, आणि १९०६ च्या उत्सवाला स्वतः लोकमान्य टिळक उपस्थित राहिले. ज्या प्रांताच्या अंगाईगीतात बर्गी होते, त्याच प्रांताच्या राजधानीत दीडशे वर्षांनी शिवाजी महाराजांचा जयजयकार झाला. एका मराठी माणसाने तो बंगालीतून घडवून आणला, ही बाब आजच्या मराठी वाचकाला ठाऊक नसावी, याचे नवल वाटते.

शांतिनिकेतनाची ओढ मराठी मनाला जुनी आहे. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या कल्पनेमागे विश्वभारतीचीच प्रेरणा होती. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकण्यासाठी तिथे जाऊन राहिले आणि त्या मुक्कामाने मराठीला ‘वंगचित्रे’ दिली. पु. लं.सारखे राहणे प्रत्येकाला शक्य नाही. पण सकाळच्या गाडीने जाऊन रात्रीच्या गाडीने परतण्यापेक्षा दोन रात्री तरी द्याव्यात. बोलपूर हावड्याहून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिल्यापासून दिवसभराची वर्दळ वाढली आहे. वर्ग भरतात ती झाडे, रामकिंकर बैज यांची संथाळ कुटुंबाची शिल्पे, लाल मातीचा खोआई परिसर यांचा खरा आनंद सकाळी मिळतो, पर्यटकांच्या गाड्या येण्यापूर्वी.

येथवर जे मांडले, त्याचा दिवसांत हिशेब असा होतो. दहा दिवसांची रजा. दोन्ही बाजूंचा रेल्वे प्रवास वजा जाता सात रात्री उरतात. पहिल्या तीन एस्प्लनेडला, एक विष्णुपूरला, तेथून दुर्गापूरमार्गे रस्त्याने शांतिनिकेतनला दोन, आणि परतीच्या गाडीपूर्वी एक पुन्हा एस्प्लनेडला. दार्जिलिंग नाही. सुंदरबनही नाही. ज्यांना वाघ हवाच असेल त्यांनी विष्णुपूर-शांतिनिकेतन गाळून सुंदरबन घ्यावे, दोन्ही घेऊ नये. शेवटची रात्र कोलकात्यात ठेवण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे : हावड्याच्या गाडीच्या दिवशीच दुसऱ्या गावाहून निघणे म्हणजे धुक्याच्या दिवसांत परतीच्या तिकिटाचा जुगार. त्या सायंकाळी कोणताही कार्यक्रम नको. न्यू मार्केटमध्ये हिंडावे, डिसेंबर असेल तर नव्या गुळाचा संदेश खावा, २०१७ मध्ये भौगोलिक संकेतांक मिळालेला बंगाली रसगुल्ला डब्यात भरून घ्यावा. शाकाहारी ज्येष्ठांची आबाळ होते, हा समज खरा नाही. लुची, छोले नव्हे तर ‘छोलार’ म्हणजे हरभऱ्याची डाळ, खसखशीतले बटाटे आणि वांग्याचे काप यांवर कोणाचेही दोन दिवस आनंदात जातील.

आणि आजोबांना ट्रॅम दाखवावी. मुंबईची ट्रॅम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली. परळ-गिरगावात बालपण गेलेली, आज सत्तरी ओलांडलेली पिढी ही ती ट्रॅम पाहिलेली शेवटची पिढी आहे. कोलकात्यात विजेची ट्रॅम १९०२ मध्ये एस्प्लनेडहूनच खिदिरपूरला निघाली होती. २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदानाकडेचा एस्प्लनेडचा छोटा वारसा मार्ग तेवढा राखून बाकी ट्रॅम बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा गाडी चालू असल्याची आधी चौकशी करावी आणि चालू असेल तर इतर एखादे मंदिर वगळून तीत बसावे. या फेरीला काही रुपयेच लागतात. सहलीनंतर आजोबा बोलत राहतात ते मात्र तिच्याविषयी.

खर्चाचा विचार शेवटी आला असला, तरी घरात तो पहिला व्हावा. सहलीसाठी कर्ज मिळते. बँका ते देतातही. तरीही संपून गेलेल्या सुट्टीचे हप्ते पुढील दोन वर्षे भरत राहण्यात सुख नाही. दरमहा ५,००० रुपयांची एक वर्षाची आवर्ती ठेव म्हणजे ६०,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज. ही रक्कम सहलीची मर्यादा ठरवते, सहल रकमेची नव्हे. नोकरदारांनी रजा प्रवास सवलतीचेही नियम पाहावेत. जुन्या करप्रणालीत चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांचे भाडे करमुक्त असते. सध्याचा गट २०२६ ते २०२९ चा. पण ही सूट केवळ प्रवासभाड्याला, तीही नजीकच्या मार्गाच्या मर्यादेत. निवास, भोजन, स्थानिक भटकंती यांना नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना तर मुळीच नाही. म्हणजे वळसे घेत तीन राज्ये हिंडणाऱ्याला करातही जास्तीचे काही मिळत नाही.

समूहसहलींच्या संस्थांवर येथे दोषारोप करण्याचे कारण नाही. ज्येष्ठ जोडप्यांना, एकट्या प्रवाशांना त्यांनी देश दाखविला आहे. पण त्यांचा कार्यक्रम ग्राहकाच्या मागणीवर बेततो, आणि ग्राहक ठिकाणे मोजतो. ‘नऊ ठिकाणे’ आणि ‘चार ठिकाणे’ अशा दोन पत्रिका समोर आल्या, तर हात कोणत्या पत्रिकेकडे जातो हे सर्वांना माहीत आहे. मागणी बदलली तर पत्रिकाही बदलतील.

राहता राहिले तिकीट. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या गाड्यांत गीतांजली आहे आणि शालिमारला जाणारी ज्ञानेश्वरीही. पैकी गीतांजली १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना देशातील पहिली वर्गविहीन गाडी म्हणून सुरू झाली होती. नाताळच्या सुट्टीत २४ डिसेंबरला निघायचे असेल, तर आरक्षण २५ ऑक्टोबरच्या सकाळी आठ वाजता उघडते. त्या सकाळपूर्वी घरात दार्जिलिंगचा वाद मिटलेला असावा.